पांढरं झाड

धाकट्याला आयुष्यात एकच नियम नीट पाठ होता, आणि तोही वडिलांकडून फुकटात मिळालेला. पट्टेदार झाडावर हिरवी फूट दिसली की ती बुडापासून छाटायची. नियम खोटा नाही. नर्सरीच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. रंगीबेरंगी पानांच्या झाडाला मधूनच एखादी साधी हिरवी फांदी फुटते, ती दांडगाईनं वाढते आणि हयगय केली तर वर्षा-दोन वर्षांत सगळं झाड गिळून बसते. म्हणून छाटायची. वडिलांनी हा नियम दोन्ही मुलांना सांगितला होता. थोरल्यानं तो ऐकून सोडून दिला, कारण थोरला सगळंच ऐकून सोडून देतो. धाकट्यानं मात्र गाठीशी बांधला, आणि त्यानंतर आणखी काही शिकायची गरज त्याला कधी वाटली नाही.

थोरली म्हणजे या घरातली मोठी सून, धाकट्याची वहिनी. सासऱ्यांच्या मागे नर्सरीची वाटणी झाली नव्हती, कामाची मात्र आपोआप झाली. धाकटा फाटकाजवळच्या ऑफिसात बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा. थोरला पंप, पाइप आणि टेम्पो बघायचा. उरलेलं सगळं, म्हणजे बी पेरणं, कलमं बांधणं, माती, खत, कीड, कामावरच्या आठ बायका, हे थोरलीकडे. "वहिनी आहेत म्हणून मला मागचं बघावं लागत नाही," असं धाकटा लोकांना सांगायचा. हे आपण कौतुक करतो आहोत असा त्याचा प्रामाणिक समज होता.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून थोरली चार दिवस माहेरी गेली. पाचव्या दिवशी सकाळी फाटकातून आत आली, तर कामावरच्या सगळ्या बायका काम सोडून एका जागी गोळा झालेल्या. दोघींनी मोबाइल वर धरलेले. त्यांच्या पलीकडे तिचं झाड उभं होतं, आणि त्याच्यावर हिरवं म्हणून एक पान नव्हतं.

छातीएवढं उंच, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असं झुडूप. ती गेली तेव्हा त्याच्या निम्म्या फांद्या पांढऱ्याशुभ्र होत्या, निम्म्या गर्द हिरव्या आणि तीन फांद्या दोन्ही रंगांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. आता नुसत्या पांढऱ्या राहिल्या होत्या. दिसत होतं सुंदर, खोटं कशाला बोला. धुतलेल्या कपड्यांचा ढीग उन्हात ठेवावा तसं लख्ख दिसत होतं.

"काय वहिनी, कसं वाटतंय?" धाकटा कमरेवर हात ठेवून उभा होता. "ओळखलंत तरी का?"

"काय केलंत हे, भाऊजी?"

"साफसफाई. हिरवी फूट किती माजली होती! तुमचं लक्ष नव्हतं. दोन दिवस लागले, पण एकूण एक काढली. मी स्वतः, या हातांनी."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायला तोंड उघडलं असतं तर आठ बायकांसमोर जे बाहेर पडलं असतं ते परत आत घालता आलं नसतं. हातातली पिशवी तिथंच मातीत टाकून ती मागे खताच्या खड्ड्याकडे गेली.

खड्ड्यात हिरव्या फांद्या पडल्या होत्या. दोन दिवसांच्या उन्हानं पानं सुकून वळकट्या झालेली. ती गुडघ्यावर बसून एकेक फांदी बाजूला करत गेली, आणि तळाशी तिला हव्या होत्या त्या सापडल्या. पट्टेदार फांद्या, तिन्ही. तिन्हींना तिनं दीड महिन्यापूर्वी गुटी बांधली होती. फांदीची साल बोटभर काढायची, त्याभोवती ओलं शेवाळ लपेटायचं, वर प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं घट्ट आवळायची. दोन महिन्यांत शेवाळात मुळं धरतात, मग फांदी कापून कुंडीत लावायची, की झालं नवीन झाड. तिनं एकेक प्लॅस्टिक सोडलं. कापताना धाकट्यानं गाठी सैल केल्या होत्या, नाहीतर खेचून फाडल्या होत्या. शेवाळ कोरडं ठाक होतं. आत बारीक मुळं आली होती, केसासारखी, आणि तिन्हीकडची वाळून तपकिरी झाली होती. आणखी पंधरा दिवस मिळाले असते तर या झाडाची तीन पोरं कुंडीत उभी राहिली असती.

नऊ वर्षं. नऊ वर्षांपूर्वी कुंपणाच्या साध्या रोपांच्या ट्रेमध्ये एका रोपाचं अर्धं पान पांढरं निघालं. अशी रोपं उपटून टाकायची रीत आहे. तिनं नाही टाकलं. "रोगट आहे ते," सासूबाई म्हणाल्या होत्या. "तुझा वेळ जातोय तर जाऊ दे," थोरला म्हणाला होता. धाकटा काहीच म्हणाला नव्हता, कारण मागच्या बाजूला तो तेव्हा फिरकतच नसे. झाड मोठं होऊन लोक थांबून बघायला लागले, तेव्हा कुठं त्याला ते दिसलं. गेल्या वर्षी त्यानं झाडाशेजारी पाटी लावली: 'आमच्या नर्सरीचं संशोधन.' आमच्या! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

दुपारी जेवणाच्या टेबलाशी सगळे बसले तेव्हा कारण बाहेर आलं. शहराच्या मोठ्या बागेचे अधीक्षक बारा दिवसांनी यायचे होते. बागेच्या एका कोपऱ्यात त्यांना नुसत्या पांढऱ्या पानांची झाडं लावायची होती. धाकट्यानं फोनवर शब्द देऊन टाकला होता. चारशे रोपं, सगळी पांढरी, वर्षभरात.

"पांढरं झाड, पांढरं बी, पांढरी रोपं," धाकटा म्हणाला. "हिरवं मधे राहिलं असतं तर बियात पण उतरलं असतं. म्हणून आधी तेच काढलं."

"पांढऱ्या फांदीचं बी मी तीन वर्षं पेरलंय," थोरली म्हणाली. "पहिल्या वर्षी त्रेसष्ट रोपं उगवली. सगळी पांढरी. चौदाव्या दिवशी एक शिल्लक नव्हतं. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. सांगितलं होतं मी तुम्हाला."

"पाणी कमी पडलं असेल."

"पाणी नाही. अन्न कमी पडलं. बियात जेवढी शिदोरी असते तेवढी संपली, की पांढरं रोप उपाशी मरतं. त्याला स्वतःचं शिजवताच येत नाही. आणि आता हे झाडही तसंच मरणार."

धाकटा हसला. "वहिनी, पानं बघा की. किती तजेलदार आहेत."

तेव्हा ती उठली, आतल्या खोलीतून दोन फोटो घेऊन आली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई दोन वर्षांपूर्वी या झाडाची पानं घेऊन गेल्या होत्या आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकातून काढलेले हे फोटो त्यांनी तिला आणून दिले होते. बाई तिच्याजवळ दोन तास बसल्या होत्या. शाळेत मॅट्रिकपर्यंत कुणी तिला एवढं नीट समजावलं नव्हतं.

"हा हिरव्या पानाचा," ती म्हणाली. "पानातल्या एकेका पेशीत अशा चाळीस-पन्नास गोळ्या असतात. हरितलवक म्हणतात त्यांना. इतक्या बारीक, की टाचणीच्या टोकावर शेकडो मावतील. बाहेरून दोन पापुद्रे आहेत, दिसतात ना? आणि आत या चकत्या. एकावर एक रचलेल्या, ताटांची चळत असते तशा. अशा कितीतरी चळती, आणि एक चळत दुसरीला जोडलेली. हिरवा रंग जो आहे तो या चकत्यांच्या पापुद्र्यात आहे, बाकी कुठं नाही. ऊन पडलं की ते इथं अडकतं. त्या उन्हाच्या जोरावर इथं पाणी फुटतं. आपण श्वास घेतो तो प्राणवायू त्यातनं सुटतो."

"शाळा उघडली वहिनींनी," धाकटा सासूबाईंकडे बघून म्हणाला.

"ऐका! पाणी फोडून जी ताकद मिळाली ती चकत्या बाहेर देतात, या रसात. चळतींच्या भोवती हा रस भरलेला असतो. हवेतून आत आलेला कार्बन वायू तिथं धरला जातो आणि त्याची साखर होते. ती साखर म्हणजे झाडाचं जेवण. फांदी, मूळ, फूल, बी, सगळं त्या साखरेवर उभं राहतं. आता हा दुसरा फोटो बघा. पांढऱ्या पानाचा. गोळ्या इथंही आहेत. आत काय आहे?"

थोरल्यानं मान लांब करून बघितलं. "काहीच नाही."

"काहीच नाही. चळती रचल्याच गेल्या नाहीत. मोकळ्या पिशव्या. ऊन पडतं आणि वाया जातं, उलट पान भाजतं. नऊ वर्षं या पांढऱ्या फांद्या जगल्या त्या शेजारच्या हिरव्या फांद्यांनी रांधलेलं खाऊन. तुम्ही स्वयंपाकघरच तोडून खड्ड्यात टाकलंत, भाऊजी, आणि जेवणाऱ्यांची पंगत तेवढी ठेवलीत."

पालथ्या घड्यावर पाणी. धाकट्यानं फोटो उलटा करून बाजूला सारला. "ते कॉलेजचं असतं सगळं. बाबा काय सांगायचे? हिरवी फूट छाटा. बाबांनी पन्नास वर्षं धंदा केला, त्यांनी कधी गोळ्या मोजल्या?"

"बाबांचा नियम पट्टेदार पानांच्या झाडाला होता. त्यांच्या प्रत्येक पानात थोडं हिरवं असतं, तेवढ्यावर झाड तगतं. ह्या फांद्यांत शून्य आहे. शून्य!"

"आवाज खाली," सासूबाई म्हणाल्या. "कामाच्या बायका ऐकतात."

थोरलीनं आवाज खाली केला. तिनं उपायही सांगितला, कारण रागाच्या भरातसुद्धा तिचं डोकं झाडाभोवतीच फिरत होतं. बुडाशी जुन्या खोडावर तीन डोळे आहेत. डोळा म्हणजे फुटायच्या आधीचा कोंभ, सालीखाली दबून बसलेला. ते खोड झाड लहान असतानाचं, तेव्हाचं हिरवं त्यात आहे. आजच्या आज सगळ्या पांढऱ्या फांद्या छाटून झाड वीतभर ठेवलं, तर मुळात साठवलेलं अन्न त्या डोळ्यांना मिळेल आणि हिरवं फुटेल. दैवात असलं तर पट्टेदारही फुटेल. नाहीतर पांढऱ्या फांद्या ती साठवण रोज ओढून घेणार, आणि संपली की मूळही जाणार.

"म्हणजे बारा दिवसांनी साहेबांना मी वीतभर खुंट दाखवू?" धाकट्यानं ताट सरकवलं. "डोकं ठिकाणावर आहे का?"

थोरलीनं नवऱ्याकडे बघितलं. थोरला म्हणजे देवमाणूस असं सगळे म्हणायचे. देवासारखाच तो होता, समोर काहीही चाललं तरी जागचा हलत नसे. तो म्हणाला, "बारा दिवसांचाच प्रश्न आहे. येऊन जाऊ देत साहेब. मग तू म्हणशील तसं करू. तोवर हात लावायचा नाही, मला शब्द दे."

"बारा दिवसांत मूळ रिकामं होईल."

"होईल किंवा नाही होणार. आता घरात वाद नको. माझ्यासाठी एवढं कर. जाऊ दे."

आणि तिनं शब्द दिला. या गोष्टीचा राग तिला धाकट्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला. लग्नाला एकवीस वर्षं झाली, त्यात तिनं 'जाऊ दे' वर किती गोष्टी सोडल्या याची यादी केली असती तर नर्सरीच्या सगळ्या ट्रेंना लेबलं पुरली असती.

बारा दिवस ती रोज सकाळी झाडापाशी जायची. हात लावायचा नाही हे ठरलं होतं, बघायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. चौथ्या दिवशी वरच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या. धाकट्यानं वर जाळी बांधली आणि दिवसातून तीनदा पाणी मारायला एक बाई लावली. जळक्या कडा त्यानं स्वतः बसून छोट्या कात्रीनं कापल्या, लग्नात नवरीचा मेकअप करतात तशा. सातव्या दिवशी खालची पानं देठापासून सुटायला लागली. पहाटे कुणी यायच्या आत तो ती झाडून घ्यायचा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? आठव्या दिवशी थोरलीनं त्याला पानं वेचताना गाठलं.

"अजून वेळ आहे, भाऊजी. फोन करून साहेबांना महिनाभर पुढचं सांगा."

"गळती सगळ्याच झाडांना असते, वहिनी."

"तुम्हाला दिसतंय. मला माहीत आहे तुम्हाला दिसतंय."

तो न बघता पिशवीत पानं भरत राहिला. त्याला दिसत होतं. अडाणीपणा माफ करता येतो, माणूस शिकतो. पण दिसत असून पिशवीत भरणाऱ्याला काय करायचं? त्या दिवशी तिनं दिवसभर कलमं बांधली. दोरा इतका आवळला की दोन कलमं कापली गेली, आणि शेजारच्या बाईनं न विचारता तिच्या हातातून दोरा काढून घेतला.

बाराव्या दिवशी सकाळी साहेब आले. धुळकट बूट, वर सुरकुतलेली पॅन्ट, हातात कसली फाइलही नाही. धाकट्यानं त्यांना आधी ऑफिसात नेऊन बसवायचा प्रयत्न केला, पण ते थेट झाडाकडे चालत गेले. पाटीकडे त्यांनी बघितलं नाही. पांढऱ्या पानांकडेही फार वेळ बघितलं नाही. ते जाळीखाली वाकले, उकिडवे बसले, आणि खोडावरचे गोल काप अंगठ्यानं चाचपत राहिले.

"हे काप ताजे आहेत," ते म्हणाले. "इथं काय होतं? हिरव्या फांद्या?"

"हो साहेब. सगळं हिरवं साफ केलं," धाकटा उत्साहानं म्हणाला. "एकूण एक."

साहेब वळून त्याच्याकडे बघत राहिले. "अहो, मग हे झाड खाणार काय? पांढऱ्या पानात हरितद्रव्य नाही. हे दोन आठवडे काढेल, फार तर तीन. हे उभं आहे ते मुळातल्या साठ्यावर." त्यांनी एक फांदी हलकेच हलवली आणि चार पानं खाली पडली. "कुणी केला हा उद्योग?"

बारा दिवस थोरली हेच सांगत होती. टेबलावर फोटो ठेवून सांगितलं, हळू आवाजात सांगितलं, मोठ्या आवाजात सांगितलं. धुळकट बुटांच्या एका माणसानं उकिडवं बसून तीन वाक्यांत सांगितलं, आणि धाकटा मान डोलवायला लागला.

"अगदी बरोबर आहे, साहेब. तेच म्हणतो मी." त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण काही नव्हतं, मग शोधून सापडल्यासारखं काहीतरी आलं. "काय आहे, मागची छाटणी-बिटणी आमच्या वहिनी बघतात. मी बाहेर होतो त्या वेळी. बायकांना पांढरं दिसलं की मोह होतो. शिकलेल्या नाहीत, त्यांना तरी काय बोलणार."

थोरली पाच पावलांवर उभी होती. अंगावर कामाचा एप्रन, एप्रनच्या खिशात छाटणीची कात्री. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिनं कामाच्या बायकांकडे बघितलं, आणि त्या सगळ्या जमिनीकडे बघत होत्या, तेव्हा तिला कळलं की बरोबर ऐकलं.

साहेबांनाही काहीतरी जाणवलं असावं. ते थोरल्याकडे वळले. "तुम्ही यांचे भाऊ ना? छाटणी तुमच्या मिसेसनी केली?"

पंपाचा आवाज तेवढा येत होता. थोरल्यानं आधी भावाकडे बघितलं, मग बायकोकडे, मग हातातल्या पंपाच्या पान्याकडे. एवढंच म्हणायचं होतं, 'नाही.' दोन अक्षरं.

"आता झालं ते झालं, साहेब," तो म्हणाला. "जाऊ द्या."

थोरलीनं कात्री बाहेर काढली.

पहिली फांदी तिनं मुठीत धरली आणि कापली. मग दुसरी. कात्री चांगली धारेची होती, रोज रात्री ती स्वतः पुसून तेल लावून ठेवायची. पांढरी पानं अंगावर, पायांवर, साहेबांच्या बुटांवर पडत होती. तिसरी-चौथी फांदी पडेपर्यंत धाकट्याला काय चाललंय ते समजलंच नाही.

"अहो वहिनी! वेड लागलं का? ठेवा ती कात्री!"

"का?" ती हात न थांबवता म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना साहेबांना, मी कापलं म्हणून? मग कापते. दिराचा शब्द खोटा पडायला नको."

"कुणाचा काय... वहिनी, थांबा!" तो पुढे आला आणि त्यानं हात घातला.

कात्रीची उघडी पाती त्याच्या मनगटापासून चार बोटांवर थांबली. "हात मागे घ्या, भाऊजी. रागानं आता मला काही दिसत नाहीये. माझ्या कात्रीत काय येतंय ते मी बघणार नाही."

त्यानं हात मागे घेतला. सासूबाई ऑफिसच्या पायरीवर आल्या होत्या, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, बाहेरच्यांसमोर काय हे! घरातलं घरात ठेवावं माणसानं!"

"घरातच ठेवलं होतं, आई. बारा दिवस ठेवलं. बाहेर काढलं ते तुमच्या लेकानं, माझं नाव लावून."

ती एकेक फांदी घेत गेली. जाड फांद्यांना कात्री पुरेना तेव्हा तिनं एका बाईकडे नुसतं बघितलं, आणि ती बाई पळत जाऊन करवत घेऊन आली. हातातली करवत देताना ती पुटपुटली, "मी धरते, बाई," आणि फांदी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मग दुसरी आली. धाकटा ओरडला, "आपापल्या कामाला लागा!" कुणी हललं नाही. करवतीचा भुसा पांढरा होता, पण खोडाच्या खालच्या भागाशी आल्यावर सालीखाली बारीकशी हिरवट रेघ दिसली. थोरलीनं तिथं नखानं खरवडून बघितलं. ओल होती. थोडीच होती, पण होती.

शेवटी वीतभर खुंट उरला. सगळीकडे पांढरा पाचोळा. तिचा श्वास लागला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि ती रडत होती हे तिला हनुवटीवरून थेंब खोडावर पडला तेव्हा कळलं. रागाचं रडणं होतं ते. दुःखाचं असतं तर तिनं ते आतल्या खोलीत जाऊन केलं असतं.

साहेब अजून उकिडवेच बसले होते. त्यांनी खुंटावरचे डोळे बोटानं मोजले. "तीन आहेत," ते म्हणाले. "हे करायचं हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"ज्या दिवशी बघितलं त्या दिवसापासून."

"मग केलं का नाही?"

"शब्द दिला होता," ती म्हणाली. "चुकीच्या माणसाला."

"फुटेल?"

"त्या दिवशी विचारलं असतंत तर फुटेल म्हणाले असते. आज माहीत नाही. मुळात किती उरलंय ते मूळच सांगेल." तिनं करवत पुसली. "पांढरी चारशे रोपं तुम्हाला कुणीच देऊ शकणार नाही, साहेब. शब्द देणारा खोटं बोलला. पट्टेदार फुटलं तर त्याची गुटी बांधून वर्षा-दीड वर्षात चार-पाच देईन. मी देईन. विचारायचं असेल तर मला विचारायला या."

साहेब उठले, गुडघे झटकले. "दोन महिन्यांनी येतो," ते तिला म्हणाले आणि धाकट्यानं पुढे केलेल्या हाताकडे न बघता फाटकाकडे चालू लागले. धाकटा त्यांच्या मागे 'साहेब, साहेब' करत गेला. सासूबाई आत गेल्या. बायका फांद्या गोळा करायला लागल्या.

थोरला तिथंच राहिला. थोड्या वेळानं तो जवळ आला, पान्याची मूठ या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "मला काय बोलावं ते सुचलं नाही बघ. तो भाऊ आहे ना. मला वाटलं, तू समजून घेशील."

तिनं वर बघितलं.

"भाऊजींनी झाड कापलं," ती म्हणाली. "ते बिचारं फुटेलसुद्धा. तुम्ही मला कापलंत, आणि तेही सगळ्यांसमोर, एक 'नाही' न म्हणता."

तो काहीतरी म्हणणार होता. ती खाली वाकली, पांढऱ्या फांद्यांचा एक भारा काखेत मारला आणि त्याच्या बाजूनं खताच्या खड्ड्याकडे निघून गेली.